कर्नल वाचायला शिका



तुमच्यापैकी बरेच जण ॲप बनवतात, वेबसाइट बनवतात. आज आपण त्याच्या खाली, कर्नलमध्ये उतरू. प्रश्न एवढाच: कर्नलचा कोड कंट्रोल रजिस्टर का वाचतो?

इंटेल आणि एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये सीआर०, सीआर२, सीआर३, सीआर४ अशी रजिस्टरं असतात. पेजिंग चालू की बंद, हे सीआर०चा ३१ क्रमांकाचा बिट ठरवतो. सीआर३मध्ये पेज टेबलचा पत्ता असतो. साध्या प्रोग्रामने ही रजिस्टरं थेट वाचायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर त्याला तिथेच अडवतो. हा हक्क फक्त कर्नलचा.

आता सीआर२ बघा. प्रोग्रामने मागितलेलं पेज मेमरीत नसलं की पेज फॉल्ट होतो आणि तो पत्ता प्रोसेसर सीआर२मध्ये लिहून ठेवतो. लिनक्सचं फॉल्ट हाताळणारं फंक्शन सुरुवातीलाच सीआर२ वाचून घेतं. कारण मध्येच दुसरा फॉल्ट झाला तर जुना पत्ता पुसला जातो, आणि मग कर्नल भलत्याच पत्त्याची चौकशी करत बसेल. आधी पुरावा जपायचा, निवाडा नंतर.

सीआर३ वाचताना वेगळी काळजी. त्याचे खालचे १२ बिट पत्त्याचे नसतात, तिथे इतर माहिती असते. म्हणून कर्नल मास्क लावून ते गाळतो. नुसतं वाचून भागत नाही. त्यातलं काय घ्यायचं, हेही कळावं लागतं.

सीआर४चे २० आणि २१ क्रमांकाचे बिट तर पहारेकरीच. युजरच्या मेमरीतला कोड कर्नलकडून चुकून चालू नये, तिथला डेटा विनापरवाना वाचला जाऊ नये, हे ते बघतात. हल्लेखोर कर्नलच्याच फंक्शनचा वापर करून हे बिट बंद करू पाहत. म्हणून 2019च्या लिनक्स ५.३मध्ये बंदोबस्त झाला: सीआर४मध्ये लिहिल्यावर हे बिट गहाळ दिसले, तर कर्नल ते परत लावतो आणि इशारा देतो.

सुरुवात कुठून करायची? एमआयटीने विद्यार्थ्यांसाठी एक्सव्ही६ नावाचा छोटा कर्नल लिहिला आहे. त्याच्या जुन्या, एक्स८६ आवृत्तीत अनपेक्षित ट्रॅप आला की सीआर२ वाचून छापला जातो. ती ओळ शोधा, मग लिनक्सकडे वळा.

हा सगळा कोड खुला आहे. तो वाचायला फी लागत नाही, शिफारस लागत नाही, कुणी नाव-गाव विचारत नाही. आपण नुसते वापरणारे राहायचं की समजून घेणारे व्हायचं, हे मात्र आपल्याच हातात आहे.