जुना ब्रेक, नवा चिमटा

डोंगरउतारावर सायकलस्वार ब्रेकची मूठ आवळतो आणि नेमक्या त्याच क्षणी ब्रेकची पकड सुटते. दोष ब्रेकचा नसतो, चिमट्याचाही नसतो. तो त्यांच्या जोडणीचा असतो.

पूर्वी पुढचा चिमटा ताठ असे. कँटिलिव्हर ब्रेकच्या तारेचे कव्हर हँडलच्या नळीपाशी एका आधारावर थांबे. आतली तार तेथून खाली उतरून चाकाच्या दोन्ही बाजूंचे ब्रेकचे हात ओढी. आधार व ब्रेक यांतील अंतर कधी बदलत नसे.

१९८९ साली स्थापन झालेल्या रॉकशॉक्ससारख्या कंपन्यांनी दबणारा चिमटा रूढ केला आणि हे अंतर अस्थिर झाले. ब्रेक लावताच भार पुढे येतो, चिमटा दबतो, खालच्या नळ्यांवरील ब्रेक वर सरकतो. आधार मात्र जागचा हलत नाही. साहजिकच तार सैल पडते. म्हणून आधार खालच्या नळ्या जोडणाऱ्या कमानीवरच हवा आणि कव्हराला पुरेशी ढील हवी.

कमानीवर तशी सोय नसल्यास शिमानोने १९९६ च्या सुमारास आणलेला व्ही-ब्रेक उपयोगी पडतो. त्याचे कव्हर ब्रेकच्या हातावरच टेकते. मात्र त्याला सुमारे दुप्पट तार ओढावी लागते. जुनी मूठ ठेवली तर ती हँडलला टेकेल, पण चाक थांबणार नाही. चिमट्यावर ब्रेकच्या खुंट्याच नसतील, तर छिद्रे पाडण्याचे साहस करू नये. डिस्क ब्रेकच पत्करावा.

जुने नव्याशी जोडताना केवळ मापे जुळून भागत नाही. काय हलते आणि काय स्थिर राहते, हे आधी पाहावे लागते.