वर्ग वेगळा की एकत्र?
(कामगार कुटुंब मेळाव्यातील भाषण)



पगार, भत्ते, रिक्त जागा यांवर आपण नेहमीच बोलतो. आज मी आपल्या क्वार्टर्समधल्या दिव्यांग मुलांविषयी बोलणार आहे. ऐकू न येणारे, न दिसणारे, स्वमग्न किंवा बौद्धिक वाढ मंद असलेले मूल घरात असले, की आईबापांपुढे प्रश्न उभा राहतो : त्याला विशेष शाळेत घालायचे, की शेजारच्या मुलांबरोबर साध्या शाळेत?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. विशेष वर्गात मुले थोडी आणि शिक्षक त्या कामाचे शिकलेले. बहिऱ्या मुलाला तिथे सांकेतिक भाषेत बोलणारे सवंगडी मिळतात. साध्या वर्गात तेच मूल भर गर्दीत एकटे पडू शकते. पण अशा शाळा बहुतेक शहरांत. आडस्टेशनवरच्या ट्रॅकमनने मूल वसतिगृहात ठेवायचे म्हणजे ते घरापासून तोडायचे. आणि लहानपणी एकमेकांना कधी न पाहिलेली मुले उद्या एका कचेरीत खांद्याला खांदा लावून कशी काम करणार?

कायद्याने यावर तोडगा काढला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे निवड मुख्याध्यापकाची नाही, मुलाची आहे.

पण रेल्वेतल्या साथींना सांगायला नको, डबा रुळावर गाडीमागे नुसता उभा केला म्हणून तो गाडीबरोबर जात नाही. कपलिंग जोडावे लागते, ब्रेकपाइप जोडावा लागतो. वर्गातले कपलिंग म्हणजे विशेष शिक्षक. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्रमाण सांगितले : प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक, त्यावरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक. हा शिक्षक नसेल तर मागच्या बाकावर बसवलेले मूल हजेरीपटावर असते, शिक्षणात नसते.

माझे मत स्पष्ट आहे. साध्या शाळेचे दार प्रत्येक मुलाला आधी उघडे पाहिजे. विशेष शाळा गरजेपोटी निवडावी. नकोशा मुलाला ढकलण्याची ती जागा नव्हे.

आता आपले काम. शाळेने प्रवेश नाकारला तर नकार लेखी मागा, आणि आईबापांसोबत शाखेचा प्रतिनिधी गेला पाहिजे. दुसरे, बदली. नागपूरहून आमल्याला बदली झाली, की मराठीत शिकणाऱ्या मुलाभोवती हिंदी येते, शिक्षक बदलतो, मोठ्या कष्टाने बसलेली घडी विस्कटते. केंद्र सरकारच्या आदेशाने दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला, प्रशासकीय अडचण नसेल तर, नेहमीच्या बदलीतून सूट मिळू शकते. अर्ज करा, 'प्रशासकीय अडचण' एवढेच मोघम उत्तर आले तर शाखेने कारण विचारावे. दिव्यांग मुलासाठी शिक्षण भत्ताही दुप्पट दराने आहे, तो सोडू नका.

तिसरे सर्वांत अवघड. आपल्याच फलाटावर झाडू मारणाऱ्या कंत्राटी कामगाराला हा भत्ता लागू नाही. त्याचे मूल आपल्या मागणीपत्रकात आले नाही, तर एकत्र वर्गाची भाषा आपल्या तोंडी शोभणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!