आजोबांच्या दाखल्यापासून आपल्या अर्जापर्यंत

(विहाराच्या वर्धापनदिनी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



नोकरीच्या अर्जाविषयी चार शब्द बोलावेत, असं आम्हाला सांगण्यात आलं आहे. विषय तसा रुक्ष आहे. पण परीक्षा पास होऊनही एका कागदासाठी हातची नोकरी गेलेला मुलगा आम्ही आपल्याच वस्तीत पाहिला आहे, म्हणून बोलतो.

मुलगा हुशार. लेखी परीक्षा झाली, राखीव जागेवर निवड झाली. मग जात वैधता प्रमाणपत्र मागितलं, आणि ते नव्हतं. धावाधाव झाली. आजोबांचं नाव एका कागदावर बाळू, दुसऱ्यावर बाळासाहेब. दोन्ही माणसं एकच, हे सिद्ध करण्यात मुदत संपली आणि जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला गेली. यात आमचीही चूक आहे. वर्षभर आधी त्यानं विचारलं होतं, तेव्हा आम्हीच म्हणालो होतो, "निवड तर होऊ दे, मग बघू." ते वाक्य आजही आम्हाला टोचतं.

कागदाचं मोल काय असतं ते आपल्याच जिल्ह्यात पाहा. 7 नोव्हेंबर 1900 रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात दाखल झालं. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. रजिस्टरात नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. ती नोंद अजून जपलेली आहे आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. म्हणजे शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ शंभर वर्षांनंतरही साक्ष देते. तुमच्या आजोबांचीही अशी एखादी ओळ कुठल्या तरी गावच्या शाळेत पडून असेल. ती शोधायला कोणी गेलं आहे का?

आता एक नाजूक गोष्ट. मुलं विचारतात, आम्ही बौद्ध, मग दाखल्यावर जुनी जात कशाला? प्रश्न रास्त आहे. 1956 साली आपल्या वाडवडिलांनी धम्म स्वीकारला. पण केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळायला 1990 साल उजाडलं. म्हणून बौद्ध झालेल्यांच्या दाखल्यात धर्मांतरापूर्वीच्या जातीचा उल्लेख असतो. आजोबांच्या दाखल्यावर एक शब्द, वडिलांच्या दाखल्यावर नवबौद्ध, तुमच्या दाखल्यावर बौद्ध. यात खोटं काही नाही, तीन पिढ्यांचा तो प्रवास आहे. त्याची लाज बाळगू नका, आणि खाडाखोड तर मुळीच करू नका. तिन्ही कागद एकापुढे एक ठेवले, म्हणजे साखळी आपोआप दिसते.

मग करायचं काय? कॉलेजच्या पहिल्याच वर्षी एक फाईल घाला. जातीचा दाखला आपल्याला इथं प्रांत ऑफिसकडून मिळतो. जात पडताळणी साताऱ्याच्या समितीकडे होते. बारावी सायन्सची मुलं इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ती करून घेतात. आर्ट्‌स-कॉमर्सची मुलं मागं राहतात, त्यांनी विशेष लक्ष द्यावं. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा. आजोबा शाळेत गेले असतील तर तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा आणा. गेले नसतील तर तहसील कचेरीत जन्म-मृत्यूची जुनी नोंद शोधा. चुलत आजोबांचा कागदही उपयोगी पडतो, पण त्यासोबत वंशावळ लागते. लग्न झालेल्या मुलींनी लक्षात ठेवावं, कागद माहेरचेच लागतात. रेल्वे, बँक, पोस्ट यांच्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो.

पूर्वी सत्यप्रतीवर सही घ्यायला साहेबाच्या दारात उभं राहावं लागे. 2015 पासून राज्यात बहुतेक कामांना स्वतःची सही चालते. सही आपली, तशी जबाबदारीही आपली. नाव, जन्मतारीख, आडनाव सगळीकडे एकसारखं आहे ना, हे आज रात्री घरी जाऊन पाहा. चूक सापडली तर आत्ता दुरुस्त होते. मुलाखतीच्या आदल्या दिवशी होत नाही.

आता बायोडाटाविषयी. सुरवडीजवळच्या कमिन्सच्या कारखान्यात अर्ज करा नाहीतर बारामतीच्या एमआयडीसीत, दुसऱ्याचा बायोडाटा नाव बदलून देऊ नका. "मी कष्टाळू व प्रामाणिक आहे" हे सगळेच लिहितात. त्यापेक्षा केलेलं काम लिहा. जयंती कमिटीचा जमाखर्च दोन वर्षं ठेवला असेल, सुट्टीत दुकानाचं बिलबुक सांभाळलं असेल, लहान मुलांची शिकवणी घेतली असेल, तर तोही अनुभवच. एमएस-सीआयटी झालं असेल तर लिहा. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं टायपिंग लागतं. ते दोन वर्षांच्या सरावानं येतं, दोन आठवड्यांत नाही. अर्ज एका पानाचा, जाहिरातीतल्या पदाचं नाव जसंच्या तसं, आणि शेवटची तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरात.

आई-वडिलांना एकच विनंती. पत्र्याच्या पेटीत तळाशी पिवळे पडलेले कागद असतील, ते रद्दीत घालू नका. त्यातला एक कागद तुमच्या नातवाचं घर उभं करील. ज्यांना वाचता येत नाहीत त्यांनी ते घेऊन रविवारी वंदनेनंतर इथं यावं. आम्ही बसलेले असू. आणि यापुढे कुणालाही "मग बघू" म्हणणार नाही, एवढा शब्द देऊन थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!