काउंटरने शून्य दाखवलं तेव्हा

(कोजागिरीच्या रात्री गच्चीवर झालेल्या भाषणावरून)



"दूध आटेपर्यंत आकाशाबद्दल काहीतरी सांगा," अशी कमिटीची आज्ञा झाली आहे. चंद्र सगळ्यांना दिसतोच आहे. मी, जे दिसत नाही त्याबद्दल बोलतो.

पृथ्वीभोवतीची जागा आपल्याला रिकामी वाटते. ती रिकामी नाही, हे १९५८ साली कळलं. ३१ जानेवारीला अमेरिकेने एक्सप्लोरर-१ हा आपला पहिला उपग्रह सोडला. त्यात आयोवा विद्यापीठाचे प्रा. जेम्स व्हॅन ॲलन यांचा गायगर काउंटर होता. विद्युतभारित कण आत शिरला की एक टिकटिक, इतकं साधं काम. उपग्रह खालून जाताना आकडे बरोबर येत. फार उंच गेला की काउंटर चक्क शून्य दाखवी. यंत्र बिघडलं की काय?

मार्चमध्ये एक्सप्लोरर-३ गेला, तो सोबत टेपरेकॉर्डर घेऊन. आता सबंध प्रदक्षिणेची नोंद मिळाली. आकडा चढत जायचा, एकदम शून्यावर यायचा आणि खाली येताना पुन्हा मोजणी सुरू! मग कार्ल मॅकइल्वेन या सहकाऱ्याने तशाच काउंटरवर प्रयोगशाळेत क्ष-किरणांचा मारा केला. मारा फार वाढवला, तेव्हा काउंटर गप्प झाला. म्हणजे वर कण नव्हते असं नाही. इतके होते, की मोजायला यंत्राला फुरसतच मिळत नव्हती.

आपली पृथ्वी म्हणजे एक मोठा लोहचुंबक. तिच्या चुंबकीय रेषांभोवती हे कण मळसूत्रासारखे फिरत उत्तर-दक्षिण येरझाऱ्या घालतात. त्यांच्या पट्ट्यांना आज व्हॅन ॲलन यांचंच नाव आहे. आतल्या पट्ट्यात मुख्यतः प्रोटॉन, बाहेरच्यात इलेक्ट्रॉन. सौर वादळात हे पट्टे खवळतात आणि उपग्रहांना धोका होतो. म्हणून आपला आदित्य-एल१ पंधरा लाख किलोमीटरवर बसून सूर्याकडून येणारे कण आणि चुंबकीय क्षेत्र दोन्ही मोजतो.

२०१२ साली नासाने या पट्ट्यांत दोन जुळे उपग्रह सोडले. दोन का? एकाचा आकडा बदलला, तर परिस्थिती बदलली की आपणच दुसऱ्या जागी आलो, हे त्याला एकट्याला कळत नाही. दुसऱ्याला विचारावं लागतं.

आता एक घरची गोष्ट. मी सेक्रेटरी असताना आमच्या विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या आजींची वर्षभरात तक्रारवहीत एकही नोंद नव्हती. वार्षिक सभेत मी ते अभिमानाने सांगितलं. पुढे जुनी वही चाळताना दिसलं, आदल्या वर्षी त्यांनी "पाणी चढत नाही" असं सात वेळा लिहिलं होतं. मग लिहिणंच सोडलं आणि खालच्या नळावरून बादली नेऊ लागल्या. शेजारच्या दाराची बेल वाजवली असती, तरी मला कळलं असतं. आजी आज नाहीत. त्यांची माफी मागायची राहून गेली.

नव्या कमिटीला एवढंच सांगतो: वही कोरी दिसली, तर एकदा जिना चढून या.

दुधाला उकळी आलेली दिसते. थांबतो.