पाच मिलिमीटर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर दहा मिनिटं बोल." एआयवर बोलणारे आता चहाच्या टपरीवरही भेटतात. मी कनेक्टिंग रॉडवर बोलणार आहे. हसा, पण ऐका. या सभागृहात एक जण असा बसलाय, ज्याला मला हे सांगायचंच होतं.

आमचं गॅरेज बहुतेकांना आठवत असेल. पत्र्याचं छप्पर, समोर उलट्या डब्यांवर बसलेली गिऱ्हाइकं. रोवणीच्या दिवसांत बांधीवरून उचलून आणलेली डिझेल इंजिनं रांगेत पडलेली असायची. बाबा आठवीपर्यंत शिकलेले. मी नागपूरला इंजिनीअरिंगला गेले तेव्हा त्यांना कोण आनंद! सुट्टीत घरी आले की गिऱ्हाइकासमोर मुद्दाम विचारायचे, "का वो इंजिनीअर बाई, हे काहून तापते?"

तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या लायब्ररीत मला बोटींच्या शर्यतींवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं. बोटीच्या मागे बाहेरून लटकवलेलं इंजिन म्हणजे आऊटबोर्ड. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा ब्रह्मपुरीकडे बचावाच्या बोटी आल्या होत्या, त्यांच्या मागे पाहिलं असेल. परदेशातले हौशी लोक शर्यतीसाठी या इंजिनांत कारखान्याच्या रॉडपेक्षा लांब रॉड घालायचे. मी ते पुस्तक एका रात्रीत संपवलं.

रॉड म्हणजे काय? शिलाई मशीनचं पायडल आणि खालचं मोठं चाक यांना जोडणारी कांब आठवा. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो, क्रँक गोल फिरतो, मधली कांब म्हणजे रॉड. रॉड लांब केला म्हणून पिस्टनची धाव वाढत नाही, ती क्रँक ठरवतो. पण रॉड कमी तिरका होतो, पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला कमी घासतो आणि, असं म्हणतात, वरच्या टोकाला जरा जास्त वेळ थांबतो. त्यामुळे स्फोटाचा जोर जास्त मिळतो. "असं म्हणतात" हे शब्द मी आज घातलेत. तेव्हा घातले नव्हते.

त्याच उन्हाळ्यात, २००१ साली, आपल्या वर्गातल्या एकाच्या मोठ्या भावाने राजदूत ३५० गॅरेजवर आणली. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या परवान्याने १९८३ पासून काढलेली, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. पेट्रोल पिणारी म्हणून लोकांनी नाकारलेली, पण आवाज ऐकला की पोरं रस्त्यावर यायची. इंजिन उघडायचंच होतं, क्रँकचे बेअरिंग गेले होते. मी बाबांना म्हटलं, "उघडतोच आहोत तर लांब रॉड घालू." मूळ रॉड ११० मिलिमीटरचा. नागपूरच्या जुन्या मालाच्या बाजारात मला ११५ चे दोन मिळाले. गाडीवाल्या दादाला तर शर्यतीचं नाव काढल्यावर धीरच नव्हता.

आता अडचण अशी. रॉड पाच मिलिमीटरने लांब, म्हणजे पिस्टन पाच मिलिमीटर वर येणार आणि हेडवर आदळणार. बऱ्याच आऊटबोर्डमध्ये सिलिंडरचा ठोकळा आणि क्रँकची अर्धी पेटी एकाच ओतकामाची असते, मध्ये काही घालायला जागाच नाही. म्हणून ते लोक पिस्टनच बदलतात, ज्याची पिन माथ्याच्या जवळ असते असा घेतात. आम्हाला तसा पिस्टन कुठून मिळणार? राजदूतचे सिलिंडर मात्र सुटे निघतात. म्हणून सिलिंडरखाली ॲल्युमिनियमची पाच मिलिमीटरची पट्टी घालायची ठरली. लेथवाल्याने ती सुंदर करून दिली.

पण पट्टी आली की सांधे दोन झाले. एका गॅस्केटच्या जागी दोन लागणार आणि जास्तीची गॅस्केट अर्ध्या मिलिमीटरची. म्हणजे सिलिंडर साडेपाच वर जाणार. टू-स्ट्रोकमध्ये वेगळे व्हॉल्व्ह फारसे नसतात, सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टनच उघडतो, बंद करतो. सिलिंडर अर्धा मिलिमीटर वर गेला तर खिडक्या लवकर उघडतात, दाबही थोडा कमी होतो. माझ्या वहीत पाच लिहिलं होतं. मी म्हटलं, खालची गॅस्केट काढून टाका, तिथे नुसता सीलंटचा लेप लावा.

बाबा पट्टी हातात घेऊन बराच वेळ बसले. "पेट्रोल लागते तिथं, पोरी. लेप टिकन का?"

मी म्हटलं, "बाबा, आकड्यात पाचच बसते."

त्यांनी लेप लावला.

गाडी चालू झाली, पळालीही. आठव्या दिवशी राजोलीकडून येताना भरवेगात इंजिन जाम झालं, मागचं चाक जागीच अडकलं. दादा खरचटत रस्त्याच्या कडेला गेला, कोपर मोडलं. पुढे कितीतरी महिने त्याचा हात सरळ होत नव्हता. इंजिन उघडलं तर जे व्हायचं तेच झालं होतं: लेप विरघळला, क्रँककेस बाहेरची हवा ओढू लागली, मिश्रणात पेट्रोल कमी पडलं, पिस्टन तापून सिलिंडरला चिकटला. करायचं सोपं होतं. पट्टी साडेचार मिलिमीटरची घासायची आणि दोन्ही गॅस्केट ठेवायच्या. लेथवर दहा मिनिटांचं काम.

बाबांनी नवे पिस्टन घातले, सिलिंडर बोअर करून दिले, दवाखान्याचे पैसे दिले आणि सगळ्यांना सांगितलं, "चूक माझी झाली." मी तेव्हा घरातच होते, आतल्या खोलीत. बाहेर आले नाही. त्या वर्षी ओळखीच्या दोन-तीन जणांनी इंजिनं दुसरीकडे नेली. मूलकडे.

पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये गेले, इंजिनांशी संबंध सुटला. मार्च २०१७ मध्ये मुलाला घेऊन मुंबईला मरीन ड्राइव्हवर पी-वन पॉवरबोटच्या शर्यती बघायला गेले. २५० अश्वशक्तीची आऊटबोर्ड इंजिनं, सगळ्या बोटी सारख्या. इंजिनाला हात लावायची परवानगीच नाही, जिंकायचं ते चालवून. मुलाने विचारलं, "आई, इंजिन बदललं तर?" त्या रात्री मी वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. सोळा वर्षं उशिरा.

राजदूतचा स्ट्रोक ५४ मिलिमीटर. ११० च्या रॉडला जास्तीत जास्त तिरकेपणा येतो १४.२ अंश, ११५ च्या रॉडला १३.६. भिंतीवरचा रेटा साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी होतो. हा फायदा खरा आहे, पिस्टनचं आयुष्य वाढतं. पण ज्यासाठी मी हट्ट धरला होता ते "वर थांबणं"? वरच्या टोकापासून क्रँक २० अंश फिरल्यावर छोट्या रॉडचा पिस्टन २.०१७ मिलिमीटर खाली आलेला असतो, लांब रॉडचा २.०००. फरक ०.०१७ मिलिमीटर. आपल्या केसापेक्षाही कमी. शिवाय पट्टीमुळे प्रत्येक सिलिंडरखालची पोकळी सोळा घनसेंटिमीटरने वाढली, म्हणजे ताजं मिश्रण वर ढकलणारा दाब उलट थोडा कमीच झाला. शर्यतीवाल्यांना जो वेग मिळतो तो मुख्यतः त्याच वेळी खिडक्या कोरल्यामुळे आणि सायलेन्सर बदलल्यामुळे मिळतो, आणि नाव होतं रॉडचं, असं आता माझं मत आहे. कोणाला पटत नसेल तर जेवणानंतर वाद घालू.

मी बाबांना फोन केला, आकडे वाचून दाखवले. ते थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे ते पाच नसतं घातलं तरी चाललं असतं."

"हो बाबा."

"मंग त्या पोराचा हात कायले मोडला म्हणायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. मग तेच म्हणाले की गॅस्केट त्यांनी खिशात ठेवली होती. रात्री परत इंजिन उघडून ती घालायचा विचार होता, पण मी सकाळच्या गाडीने नागपूरला जाणार होते, आणि मला न सांगता माझं काम बदलणं त्यांना बरं वाटलं नाही.

बाबा २०१९ मध्ये गेले. गॅरेजचं सामान आवरताना खिळ्यांच्या डब्यात ती पट्टी सापडली, मी आज सोबत आणली आहे. तिच्या एका बाजूला त्यांनी पेन्सिलीने ४.५ लिहून ठेवलंय. केव्हा लिहिलं, ठाऊक नाही.

दादा आज आलेला नाही, त्याचा भाऊ तिसऱ्या रांगेत बसलाय. अरे, घरी गेल्यावर दादाला सांग, ती चूक माझ्या बाबांची नव्हती, माझी होती. पट्टी तू घेऊन जा. त्याला दाखव.