मेमरी कार्डाची हरवलेली जागा
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत वाचलेले भाषण)



कोणत्याही प्राथमिक शाळेत घडू शकेल असा एक प्रसंग प्रथम डोळ्यांसमोर आणावा. शाळेत रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक आहे. त्याचे काम संपल्यावर त्यातील ३२ जीबीचे मेमरी कार्ड स्नेहसंमेलनाची छायाचित्रे घेण्यासाठी वापरावे, असे शिक्षकाच्या मनात येते. कार्ड विंडोज संगणकाला जोडताच जागा दिसते ती अवघी अर्ध्या जीबीची. शिक्षक त्या चिन्हावर फॉरमॅटची आज्ञा देतो. क्रिया निर्विघ्न पार पडते, परंतु जागा पूर्वीइतकीच राहते. कार्ड बिघडले असा निष्कर्ष निघतो आणि ते टेबलाच्या खणात जाऊन पडते. वास्तविक कार्ड निर्दोष असते.

हे असे का घडते, ते शेतजमिनीच्या उदाहरणाने ध्यानी येईल. दोन भावांत वाटणी झाली म्हणजे जमीन आटत नाही. उताऱ्यावरील नोंद बदलते. कार्डाचेही तसेच आहे. त्याच्या आरंभीच्या ५१२ बाइटांच्या भागात ६४ बाइटांचे एक लहानसे कोष्टक असते. कोणता विभाग कोठून सुरू होतो व किती लांबीचा आहे, याच्या चार नोंदी त्यात मावतात. या विभागालाच पार्टिशन म्हणतात. रास्पबेरी पायची प्रणाली कार्डावर उतरविताना दोन विभाग पडतात. पहिला लहान विभाग फॅट-३२ पद्धतीचा असून तो विंडोजला वाचता येतो. दुसरा मोठा विभाग लिनक्सच्या पद्धतीचा असतो व तो विंडोजला सहसा वाचता येत नाही. नुसत्या फॉरमॅटने लहान विभाग तेवढा पुसला जातो; मधला बांध जागच्या जागी राहतो. पूर्ण जागा हवी असेल तर जुन्या वाटणीची नोंदच काढून टाकली पाहिजे.

यासाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे एसडी असोसिएशन या संस्थेने विनामूल्य दिलेला एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर हा कार्यक्रम. कार्डाच्या प्रकारास योग्य ती मांडणी तो स्वतःच करतो : ३२ जीबीच्या कार्डास फॅट-३२ आणि त्याहून मोठ्या कार्डास एक्सफॅट. ॲडॉप्टरच्या कडेला असलेली कुलपाची बारीक पट्टी मात्र आधी उघडी करून घ्यावी. अन्यथा कार्डावर काहीही लिहिता येत नाही.

एवढ्याने काम न झाल्यास विंडोजमधील डिस्कपार्ट उपयोगी पडते. लिस्ट डिस्क या आज्ञेने जोडलेल्या सर्व साधनांची यादी मिळते. सिलेक्ट डिस्क लिहून त्यापुढे कार्डाचा क्रमांक दिला की कार्ड निवडले जाते, आणि क्लीन म्हणताच सर्व विभाग नाहीसे होतात. त्यानंतर क्रिएट पार्टिशन प्रायमरी या आज्ञेने एकच अखंड विभाग करून तो फॉरमॅट करावा. मात्र क्लीन ही आज्ञा 'खरोखर पुसावयाचे काय?' असे एकदाही विचारीत नाही.

या भाषणाचा मुख्य मुद्दा येथेच आहे. त्याच शाळेतील मुलांनी गावातील वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित करून एका पेनड्राइव्हवर ठेवल्या आहेत, असे समजावे. त्यांतील एक आजी आता हयात नाहीत. तो पेनड्राइव्हही ३२ जीबीचा आहे आणि त्याच संगणकाला जोडलेला राहिला आहे. यादीत दोन्ही साधने २९ जीबीच्या आसपास दिसतात. केवळ आकार पाहून क्रमांक निवडला, तर एका क्षणात कोणत्या वस्तूवर बोळा फिरेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून चार गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. कार्डावर काही उपयुक्त असेल तर त्याची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी व ती उघडून पाहावी. कार्डाखेरीज अन्य पेनड्राइव्ह व बाहेरील डिस्क काढून ठेवाव्यात. यादी एकदा कार्ड जोडून व एकदा काढून पाहावी. जी ओळ नाहीशी होईल अथवा जिचा आकार शून्य दिसेल, तीच कार्डाची होय. कार्ड पुन्हा जोडल्यावर यादी नव्याने घ्यावी आणि शक्यतो दुसऱ्या शिक्षकाने क्रमांक मोठ्याने वाचून दाखविल्यावरच शेवटची आज्ञा द्यावी. चूक झालीच, तर त्या साधनावर पुढे एक अक्षरही लिहू नये. साध्या क्लीनने मुख्यतः नोंदीच पुसल्या जातात. त्यामुळे जाणकाराच्या हातून काही मजकूर परत मिळण्याची आशा उरते.

आणखी दोन शंका उद्भवतात. पूर्ण जागा परत मिळाल्यावरही ३२ जीबीऐवजी २९.८ एवढाच आकडा दिसतो. ही तूट नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीने मोजतो व विंडोज १०२४ च्या पटीने, एवढाच हा फरक आहे. दुसरे असे की, बाजारात काही बनावट कार्डेही येतात; त्यांच्यावर छापलेली जागा मुळात नसतेच. ती कोणत्याही उपायाने परत येणार नाही.

विद्यार्थ्यांना ही क्रिया दाखविताना आज्ञा पाठ करवून घेण्यापेक्षा हा विवेक शिकविणे अधिक मोलाचे ठरेल. कार्डाची जागा पुनःपुन्हा मोकळी करता येते; आजींचा आवाज मात्र पुन्हा मुद्रित करता येणार नाही. सबब, पुसण्यापूर्वी जपून ठेवावे आणि आज्ञा देण्यापूर्वी दोनदा पाहावे.