ज्वारीचा विमा आणि आपला औषधोपचार निधी
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



 मी वक्ता नाही. आयुष्य मेन रोडवर कापड मोजण्यात गेले. आज बोलणार आहे ते आपल्या औषधोपचार निधीविषयी. त्या समितीवर मी नऊ वर्षे होतो.

चतुर्विध दानांत औषधदानाचे महत्त्व आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपला निधी सर्वांसाठी खुला आहे आणि त्याचा हिशेब चोख आहे. तरीही एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्याच दुकानातील एका सेल्समनच्या पत्नीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्याने पत्नीचे मंगळसूत्र गहाण ठेवले, आणि हे मला तीन महिन्यांनी कळले. मी रागावलो. म्हटले, "अरे, मी समितीवर आहे, निधी आहे, सांगितले का नाहीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "शेठ, त्या अर्जावर दोन ओळखीच्या माणसांच्या सह्या लागतात. मग साऱ्या गल्लीला कळतं." तो अर्ज मीच तयार केला होता.

तेव्हापासून गरिबाला मागावे लागू नये अशी व्यवस्था कुठे आहे याचा शोध घेऊ लागलो. दूर जावे लागले नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. तेथील डॉ. उल्हास जाजू यांनी १९८०च्या सुमारास कस्तुरबा रुग्णालयामार्फत आसपासच्या खेड्यांसाठी एक योजना उभी केली. तिला लोक ज्वारीचा विमा म्हणू लागले. शेतमजुराच्या हाती रोकड नसे, मजुरी ज्वारीत मिळे. म्हणून वर्गणीही ज्वारीत, आणि तीही सुगीच्या वेळी, घरात धान्य असताना. भूमिहीनाचे माप ठरलेले, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने अधिक द्यायचे, उपचार मात्र गरजेप्रमाणे. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच गाव योजनेत येई. गावातील आरोग्यसेवक किरकोळ आजार पाही आणि गरज पडल्यास रुग्णाला रुग्णालयात धाडी. अचानक उद्भवलेल्या आजाराचा उपचार मोफत; मोतीबिंदू, हर्निया अशा आधी कळणाऱ्या दुखण्यांसाठी मात्र बिलाचा काही भाग भरावा लागे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मला ही अट फार शहाणपणाची वाटते. नाहीतर माणसे शस्त्रक्रिया ठरल्यावरच सभासद झाली असती.

बी.कॉम. झालेल्या माणसाने येथे एक गोष्ट लपवू नये. ज्वारीच्या राशीतून रुग्णालय चालत नव्हते; मोठा भार सरकारी अनुदानावर होता. पण वर्गणी भरलेला शेतमजूर रुग्णालयात सभासद म्हणून जाई.

पुण्यातही वस्त्यांतील कष्टकरी स्त्रियांचे परस्पर साहाय्य निधी चालतात. अन्नपूर्णा परिवार हे त्यांतील ठळक नाव. अशा निधींत दावा मंजूर करण्यात सभासद स्त्रियांचाही वाटा असतो. शेजारणीचा आजार खरा की खोटा हे त्यांच्यापेक्षा अधिक कोणाला कळणार?

कोणी म्हणेल, सरकारी योजना आहेत की. आहेत, आणि त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली निवडक जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ साली राज्यभर गेली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिचे संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. परंतु ठरावीक उपचार, अंगीकृत रुग्णालय, कागदपत्रे, हे सारे रात्री दोन वाजता कोण सांगणार? बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. सातपूरच्या कारखान्यातील कामगाराला राज्य कामगार विमा आहे. माझ्यासारख्या पाच माणसांच्या दुकानाला तो बंधनकारक नाही, आणि मीही कधी चौकशी केली नाही.

आपण विमा कंपनी काढू शकत नाही. कायद्याने त्याला १०० कोटींचे भांडवल लागते. परंतु परवानाधारक कंपनीकडून सामूहिक पॉलिसी घेता येईल. हप्त्याचा काही भाग सभासद, काही त्याचा मालक आणि उरलेला ट्रस्ट भरील. किरकोळ औषधे आपल्या निधीतून, आणि रुग्णालयात कोठे जायचे हे सांगणारा एक माणूस फोनवर हजर. या शेवटच्या माणसाचा पगार मला हप्त्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "दान देणारी संस्था गरिबाकडून पैसे घेणार?" मी हा प्रश्न त्या सेल्समनलाच विचारला. तो म्हणाला, "शेठ, महिन्याला शंभर रुपये मी देईन. पण मग पावती माझ्या नावाची पाहिजे."

सभासदत्वाचा नवा अर्ज मी तयार करून आणला आहे. त्यात ओळखीच्या माणसांच्या सह्यांचे रकाने नाहीत. विश्वस्तांनी तो पुढील बैठकीत विचारार्थ ठेवावा, एवढी नम्र विनंती आहे.